जुना निकाल, नवा अर्ज : दोषसिद्धी झालेल्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याचे प्रकरण

या प्रकरणातील उमेदवार, त्याने अर्ज केलेल्या तीन कंपन्या आणि तिथली माणसे अभ्यासासाठी रचलेली आहेत; कायदे, मानके, न्यायनिर्णय आणि नावानिशी आलेल्या व्यक्ती मात्र खऱ्या आहेत. प्रकरण मुद्दाम कोणत्याही एका देशात बसवलेले नाही. देश बदलला की जिथे उत्तर बदलते, तिथे तसे सांगितले आहे.

उमेदवार सव्विसाव्या वर्षी एका लहान व्यापारी कंपनीत सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होता. थकलेल्या पगारावरून मालकाशी वाद झाला आणि त्याने नोकरी सोडली. सोडून गेलेल्या माणसाचे लॉगिन बंद करण्याचे काम त्या कंपनीत त्याच्याकडेच होते, त्यामुळे त्याचे स्वतःचे लॉगिन बंद करायला कोणी उरलेच नाही. अकराव्या दिवशी रात्री त्याने घरून लॉगिन केले, दोन सर्व्हरवरचा बिलांचा डेटा पुसला आणि मग बॅकअपही पुसले. कंपनीचे काम चार दिवस ठप्प झाले. लॉगमध्ये त्याचेच युजरनेम आणि त्याच्याच घरचा आयपी पत्ता होता, म्हणजे तपास करणाऱ्यांना फारसे शोधावे लागले नाही. त्याने गुन्हा कबूल केला. दहा महिन्यांची कैद, नुकसानभरपाई आणि सुटकेनंतर दोन वर्षांची देखरेख अशी शिक्षा झाली. देखरेखीच्या काळात वापरात असलेल्या प्रत्येक संगणकाची माहिती पर्यवेक्षक अधिकाऱ्याला देण्याची अट होती.

सुटल्यावर तो वेब डेव्हलपमेंट शिकला, ओळखीतून मिळालेली लहानसहान कामे केली, आणि तेहतिसाव्या वर्षी, म्हणजे देखरेख संपून तीन वर्षे झाल्यावर, कायम नोकरीसाठी अर्ज करू लागला. अभ्यासासाठी हेच प्रकरण निवडण्याचे कारण असे की यात पळवाट नाही. मारामारीची किंवा बेदरकार वाहन चालवण्याची नोंद असलेल्या उमेदवाराला त्या गुन्ह्याचा कोड लिहिण्याशी संबंध नाही असे तरी म्हणता येते. इथे ज्या कामावर पोट चालवायचे, त्याच कामाचे ज्ञान वापरून गुन्हा घडलेला आहे.

या क्षेत्रात पदवी विचारत नाहीत, भूतकाळही विचारत नाहीत, कोड बघतात, असे त्याला अनेकांनी सांगितले होते. उदाहरणेही ठरलेली. रॉबर्ट टॅपन मॉरिस याने १९८८ मध्ये इंटरनेटवर वर्म (आपोआप पसरत जाणारा प्रोग्राम) सोडला, १९९० मध्ये त्याला तीन वर्षांची परिवीक्षा (कैदेऐवजी देखरेखीखाली मोकळे राहणे), ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली, आणि पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. संगणकांत घुसखोरी केल्याबद्दल शिक्षा झालेला केविन मिटनिक २००० मध्ये तुरुंगातून सुटला, देखरेखीच्या अटींमुळे २००३ पर्यंत त्याला इंटरनेट वापरता आले नाही, आणि नंतर त्याने सुरक्षा सल्लागाराचा व्यवसाय उभारला. ही उदाहरणे खरी असली तरी आपल्या उमेदवाराच्या कामाची नव्हती. ज्याचा गुन्हा वर्तमानपत्रांतून जगाला ठाऊक झाला आहे, त्याला तो कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचा हा प्रश्नच पडत नाही. अनोळखी माणसाचा सगळा जीव याच प्रश्नात अडकलेला असतो, आणि माझ्या मते या प्रकरणातल्या तिन्ही अर्जांचा निकालही याच प्रश्नावर लागला.

पहिला अर्ज

पहिली कंपनी कार्डाने होणारे व्यवहार हाताळणारे सॉफ्टवेअर बनवणारी होती. पाच फेऱ्या झाल्या, तांत्रिक फेऱ्या चांगल्या गेल्या, ऑफर लेटर आले. सोबत पार्श्वभूमी पडताळणीचा फॉर्म होता, आणि त्यात एकाच चौकटीसमोर हा प्रश्न होता : ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे का, आपल्याला अटक झाली आहे का, किंवा न्यायालयाने आपल्याला दोषी ठरवले आहे का?’ उमेदवाराने ‘नाही’वर खूण केली. ठरावीक वर्षे लोटली की नोंद आपोआप पुसली जाते, असे तुरुंगात भेटलेल्या एका माणसाने त्याला सांगितले होते, आणि त्याने ते कधी तपासले नव्हते.

हे सांगणे सर्वस्वी खोटे नव्हते, दुसऱ्या देशाचे होते. ब्रिटनमध्ये १९७४ च्या पुनर्वसन कायद्यानुसार ठरावीक मुदतीनंतर शिक्षा ‘संपलेली’ मानली जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून एक वर्षापर्यंतच्या कैदेसाठी ही मुदत शिक्षा पूर्ण झाल्यापासून बारा महिने आहे. म्हणजे तिथे, काही वगळलेली पदे सोडली, तर दहा महिन्यांची कैद भोगलेल्या या माणसाला आज ‘नाही’ असे उत्तर कायद्याने देता आले असते. भारतात १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते, पण ज्याला कैदेऐवजी त्या कायद्याखाली ताकीद देऊन किंवा परिवीक्षेवर सोडले त्याच्यापुरतीच. अमेरिकेत १९७० चा पतमाहितीविषयक केंद्रीय कायदा दोषसिद्धी न झालेल्या अटकेची नोंद सात वर्षांनंतर सामान्यतः अहवालात देऊ देत नाही, पण दोषसिद्धीला त्या कायद्यात कालमर्यादा नाही. काही राज्यांनी आपल्यापुरती ती घातली आहे. आपण यांपैकी कोणत्या घरात बसतो हे उमेदवाराने ‘नाही’ म्हणण्याआधी वकिलाला विचारायला हवे होते. तो जिथे राहत होता तिथे त्याची नोंद जशीच्या तशी होती.

अहवाल अठराव्या दिवशी आला. त्यात शिक्षण, पत्ता, आधीची कामे यांसमोर ‘जुळते’ आणि गुन्हेविषयक रकान्यासमोर ‘तफावत’ असा शेरा होता. हा शब्द महत्त्वाचा आहे. अहवाल तयार करणारी संस्था माणूस चांगला की वाईट हे ठरवत नाही, ती उमेदवाराने लिहिलेले आणि नोंदीत सापडलेले शेजारी शेजारी ठेवते. कंपनीने ऑफर मागे घेतली आणि पत्रात कारण लिहिले ते ‘अर्जात चुकीची माहिती दिल्यामुळे’ असे. गुन्ह्याचा त्यात उल्लेखच नव्हता.

खरे सांगितले असते तर ही नोकरी मिळाली असती का? बहुधा नाही. कार्डांच्या माहितीच्या सुरक्षेसाठीच्या पीसीआय डीएसएस मानकात, ज्यांचा त्या माहितीच्या यंत्रणेशी संबंध येणार त्यांची नेमणुकीपूर्वी स्थानिक कायद्याच्या मर्यादेत छाननी करावी असे सांगितले आहे. छाननी करा असे मानक म्हणते, नाकारा असे म्हणत नाही. पण हातात ‘अनधिकृत प्रवेश व डेटा नष्ट करणे’ असे लिहिलेला कागद असताना त्या खुर्चीत बसलेला अधिकारी काय करील याचा अंदाज बांधता येतो. तरीही सांगून मिळालेला नकार आणि लपवून मिळालेला नकार यांत मोठा फरक आहे. पहिल्यात सात वर्षांपूर्वीचे एक कृत्य नोंदीत राहते, दुसऱ्यात त्याच्या जोडीला गेल्या महिन्यातले एक खोटे जमा होते, आणि त्या खोट्याबद्दल ‘तेव्हा मी वेगळा होतो’ असे म्हणता येत नाही.

फॉर्ममधल्या त्या प्रश्नाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण उमेदवार घाईत तो वाचतच नाहीत. गुन्हा दाखल होणे, अटक होणे आणि दोषी ठरणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असू शकते, आणि त्या एका चौकटीत कोंबणारा फॉर्म मुळात वाईट फॉर्म आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये, सरकारी सेवेतील पडताळणीच्या संदर्भात, असे म्हटले की माहिती दडवली की नाही हे ठरवायचे तर फॉर्ममधला प्रश्न नेमका असला पाहिजे, मोघम असून चालणार नाही, आणि जे नेमके विचारले आहे तेवढेच सांगणे बंधनकारक आहे. खासगी कंपनीच्या एचआर विभागाने हा निकाल वाचलेला असेलच असे नाही. उमेदवाराने त्यातली शिस्त मात्र जरूर उचलावी. प्रश्न काय आहे ते वाचावे, तेवढ्याचेच उत्तर द्यावे, आणि ते खरे द्यावे.

दुसरा अर्ज

हा लवकर संपला. पहिल्या अनुभवाने पोळलेल्या उमेदवाराने दुसऱ्या कंपनीच्या रिक्रूटरला पहिल्याच फोनवर, कोणी विचारलेले नसताना, पंचवीस मिनिटे सगळी हकीकत सांगितली : थकलेला पगार, मालकाची भाषा, वकिलाने दिलेला चुकीचा सल्ला. रिक्रूटरने शांतपणे ऐकून घेतले आणि ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवला. ज्या माणसाने अजून त्याचा कोड पाहिलेला नाही आणि ज्याच्या हातात नेमणुकीचा अधिकार नाही, त्याला हे सांगून काहीही साधत नाही. त्याला फक्त यादीतले एक नाव कमी करण्याचे कारण मिळते.

शिवाय ही सेवा देणारी कंपनी होती, म्हणजे तिचे अभियंते ग्राहकांच्या प्रकल्पांवर बसवले जातात. अशा कंपनीत पडताळणीची अट पुष्कळदा ग्राहकाच्या करारात असते. कंपनीला माणूस हवा असला तरी तो बसवायचा कुठे हा प्रश्न राहतो. नोंद असलेल्या माणसाने स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या लहान किंवा मध्यम कंपन्यांकडे आधी वळावे हे मी त्यामुळेच सुचवतो. तिथे निर्णय घेणारा माणूस त्याच इमारतीत बसलेला असतो आणि त्याच्याशी बोलता येते.

एका पानाचे पत्र

दोन नकारांनंतर उमेदवाराने चार महिने अर्ज केले नाहीत. या काळात त्याने केलेले सर्वांत उपयोगी काम म्हणजे स्वतःच्या नोंदीची प्रत रीतसर मागवून वाचणे. नोंदीत दोन आरोप होते. त्यांतला दुसरा, पासवर्ड चोरल्याचा, न्यायालयाने वगळलेला होता, पण वगळल्याचा शेरा नोंदीत चढलेलाच नव्हता. वाचणाऱ्याला तो दोन्हींत दोषी ठरला असेच वाटले असते. निकालपत्राची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज केल्यावर तो शेरा चढायला सात आठवडे लागले. आपल्याबद्दल दुसरे काय वाचतात हे ज्याने स्वतः वाचलेले नाही, त्याने खुलासा करायला बसू नये.

मग पत्र. त्याचा पहिला मसुदा दोन पानी होता आणि त्याची सुरुवात मालकापासून होत होती : ‘सदर कंपनीने माझे तीन महिन्यांचे वेतन थकवले असताना…’ हे वाक्य सत्य होते आणि घातकही होते, कारण वाचणारा स्वतः कोणाचा तरी मालक असतो. दुसरा मसुदा त्याच्या एका शिकल्यासवरल्या मित्राने लिहून दिला, आणि त्यात ‘काही तांत्रिक स्वरूपाच्या गैरसमजातून उद्भवलेली कायदेशीर प्रक्रिया’ असे शब्द होते. असे लिहिलेले वाचले की माझा हात आपोआप खिशाकडे जातो, इतरांचाही जात असावा. तिसरा मसुदा त्याने स्वतः लिहिला, आणि त्याचा गाभा असा होता :

‘सात वर्षांपूर्वी, नोकरी सोडल्यानंतर अकरा दिवसांनी, मी पूर्वीच्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये परवानगीशिवाय प्रवेश केला आणि तेथील डेटा व बॅकअप पुसले. मी गुन्हा कबूल केला. मला दहा महिने कैद झाली, ती मी भोगली. नुकसानभरपाई पूर्ण भरली. देखरेखीचा काळ तीन वर्षांपूर्वी संपला. निकालपत्राची आणि देखरेख पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत सोबत आहे. गेली तीन वर्षे मी ज्या मुक्त स्रोत प्रकल्पात योगदान देतो, त्याच्या दोन प्रमुखांना हे माहीत आहे आणि ते माझ्या कामाबद्दल बोलण्यास तयार आहेत. आपल्याला काही विचारायचे असल्यास मी उत्तर देईन.’

यात ‘मला पश्चात्ताप आहे’ हे वाक्य नाही. उमेदवाराला ते घालायचे होते आणि मीही असतो तर कदाचित घातले असते. पण पत्रातला पश्चात्ताप फुकटचा असतो, नुकसानभरपाईची पावती फुकटची नसते. सगळ्यांत वजनदार ठरले ते शेवटून दुसरे वाक्य. मुक्त स्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पात पॅच (कोडमधले बदल) पाठवताना सहसा कोणी नोंद विचारत नाही, त्यामुळे नोंद असलेल्यांना तिथे शिरकाव सोपा असतो. पण तिथल्या प्रमुखांना आपणहून सांगून ठेवणे आणि तरीही ते आपले पॅच तपासून घेत राहणे, ही दुसऱ्या कोणी दिलेली साक्ष होती.

रेझ्युमेमधल्या पोकळीचे त्याने काय केले? पूर्वी तिथे तो ‘वैयक्तिक कारणांमुळे विश्राम’ असे लिहीत असे, ते काढून टाकले. काही लिहिलेच नाही. मुलाखतीत विचारले तर ‘त्या काळात मी काम करत नव्हतो, त्याबद्दल ऑफरच्या टप्प्यावर लेखी सांगेन’ इतकेच बोलायचे ठरवले. प्रत्यक्षात कोणी विचारलेच नाही.

तिसरा अर्ज

तिसरी कंपनी गोदामांसाठी साठ्याच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर बनवणारी, नऊ अभियंत्यांची. अर्जात गुन्ह्याचा प्रश्न नव्हता. अमेरिकेत अर्जावरची ही चौकट काढून टाकण्याची सुरुवात हवाई राज्याने १९९८ मध्ये केली; कॅलिफोर्नियात २०१८ पासून पाच किंवा अधिक माणसे असलेल्या मालकाला सशर्त ऑफर देण्याआधी हा विषय काढता येत नाही. या क्रमामागचा विचार साधा आहे : आधी काम बघा, मग नोंद. उमेदवाराच्या देशात असा कायदा नव्हता, पण त्याने तोच क्रम आपणहून पाळला. ऑफर लेटरमध्ये ‘पडताळणीच्या अधीन राहून’ असे शब्द होते, म्हणजे नोंद निघणारच होती. अहवालाआधी ती आपल्याकडून गेली पाहिजे, म्हणून ऑफर मिळाली त्याच संध्याकाळी त्याने पत्र पाठवले.

कंपनीत यावर तिघे बसले : टीम लीड, एचआर प्रमुख आणि सुरक्षेची जबाबदारी असलेली वरिष्ठ अभियंता. एचआर प्रमुखाने अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाच्या २०१२ च्या मार्गदर्शनातले तीन निकष मांडले, जे १९७५ च्या एका न्यायनिर्णयातून आलेले आहेत : गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य, उलटलेला काळ, आणि कामाचे स्वरूप. काळाच्या निकषावर उमेदवार ठीक होता, उरलेल्या दोन्हींवर लंगडा होता. वरिष्ठ अभियंत्याने स्पष्टच सांगितले की ती ज्या धोक्यासाठी रात्री जागी राहते, तो नेमका हाच आहे.

मग टीम लीडने विचारले, ‘आज आपल्याकडे एकट्याच्या हाताने बॅकअप कोण पुसू शकतो?’ उत्तर यायला वेळ लागला, कारण ते तपासावे लागले. नऊच्या नऊ जण पुसू शकत होते. शिवाय मागच्या वर्षी सोडून गेलेल्या एका मुलाची प्रवेशाची डिजिटल किल्ली अजून चालू होती.

मला हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. माहितीच्या सुरक्षेसाठीच्या आयएसओ २७००१ या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत माणसांच्या छाननीचे एक नियंत्रण आहे आणि प्रवेशाधिकार वेळच्या वेळी काढून घेण्याचेही एक आहे. कंपन्या पहिल्यावर पैसे खर्च करतात, कारण त्याचा अहवाल येतो आणि तो फाइलला लावता येतो. दुसरे कंटाळवाणे असते म्हणून राहून जाते. उमेदवाराचा मूळ गुन्हा ज्या भगदाडातून घडला, तेच भगदाड त्याच्या नोंदीवर चर्चा करणाऱ्या कंपनीत उघडे होते, आणि तिथे असलेल्या नऊ स्वच्छ नोंदींनी ते बुजवले नव्हते.

तीन आठवड्यांत कंपनीने बॅकअप वेगळ्या खात्यात हलवले, पुसण्यासाठी दोघांची मंजुरी लागेल अशी व्यवस्था केली, आणि माणूस सोडून जाईल त्याच दिवशी त्याचे सर्व अधिकार काढायची यादी बनवली. हे सर्वांना लागू झाले. उमेदवाराला वेगळी अट एकच : पहिले सहा महिने प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू यंत्रणेचा, अ‍ॅक्सेस नाही. त्याने ती लेखी मान्य केली आणि पत्र पाठवल्यापासून सव्वा महिन्याने रुजू झाला.

अट कागदावर सोपी होती, रोजच्या कामात नव्हती. ज्याला प्रॉडक्शन बघता येत नाही त्याला ऑन-कॉलवर, म्हणजे बिघाड झाला तर रात्रीही उठायच्या पाळीवर, बसवता येत नाही, त्यामुळे त्याच्या वाटच्या रात्री इतरांवर आल्या. तिसऱ्या महिन्यात एका सहकाऱ्याने टीमच्या बैठकीत विचारले, ‘याला रात्री का उठवत नाही?’ टीम लीडने ‘नवीन माणसाला सहा महिने उठवायचे नाही असे ठरले आहे’ असे उत्तर दिले. ते अर्धसत्य होते, पण पूर्ण सत्य सांगण्याचा त्याला अधिकार नव्हता. युरोपीय संघाच्या विदा (डेटा) संरक्षण नियमावलीतील कलम १० दोषसिद्धीची माहिती हाताळण्यावर कडक मर्यादा घालते. जिथे ती लागू नाही तिथेही, तिघांना सांगितलेली गोष्ट नवव्याला कळावी हे उमेदवाराने मान्य केलेले नव्हते. यावर तोडगा कंपनीने नंतर काढला आणि तो आधीच काढता आला असता : सहा महिन्यांचा नियम पुढच्या प्रत्येक नव्या नेमणुकीला लागू केला. अर्धसत्य त्यानंतर खरे झाले.

सातव्या महिन्यात उमेदवाराला प्रॉडक्शनचा अ‍ॅक्सेस मिळाला. पहिल्याच आठवड्यात त्याला जुन्या नोंदी पुसण्याचे साधे, ठरलेले काम आले. त्याने कमांड लिहिली, मंजुरीसाठी पाठवली, आणि दुसऱ्या मंजुरीसाठी नाव आले ते त्याच वरिष्ठ अभियंत्याचे. तिने कमांड दोनदा वाचली, एका ठिकाणी तारखेची अट सुटली होती ती दाखवली, आणि दुरुस्तीनंतर मंजूर केली.

दहाव्या महिन्यात एका मोठ्या ग्राहकाने नव्या करारासोबत प्रश्नावली पाठवली, आणि तिच्यात प्रकल्पावरील कोणाही व्यक्तीला संगणकविषयक गुन्ह्यात दोषी ठरवलेले नाही असे घोषणापत्र मागितले. एचआर प्रमुखाने उमेदवाराला बोलावून ते दाखवले. त्याने वाचले आणि आपले नाव त्या प्रकल्पावर टाकू नये असे सांगितले. तो प्रकल्प आज इतर चार जण करतात. उमेदवार गोदामांच्या जुन्या प्रणालीवर काम करतो, आणि ती घोषणा बदलून घेता येईल का याविषयी कंपनीचा ग्राहकाशी पत्रव्यवहार अजून चालू आहे.